गाल बघून दगड

मन्मथअप्पांनी पिशवीतून तीन दगड काढले
आणि आरशाखालच्या फळीवर, पावडरच्या डब्याला लागून मांडले.
जपानचे म्हणाले. क्योटोच्या बाजूच्या डोंगरातले.
ब्याण्णव साली कंपनीनं बेअरिंगच्या ट्रेनिंगला धाडलं होतं,
तेव्हा एका म्हाताऱ्या हत्यारवाल्याकडून घेतले.
खाण तेव्हाच बंद पडलेली.
मग तीस वर्षं लोखंडी कपाटात, बायकोच्या शालींखाली.
"एक तुला. कुठला ते तूच बघ.
दोन जावई नेणार, त्याला शोकेसमध्ये ठेवायचेत."

माझ्या धोकटीत बापाची पथरी आहे.
घासून घासून मधोमध ताटलीगत खोल झालेली,
तिच्यावर वस्तरा सरळ बसत नाही,
पोटाला धार येते, टोक तसंच राहतं.
तशी तिला विचारतंय कोण?
गिऱ्हाईक टेकायच्या आधीच सांगतं, नवं ब्लेड टाक,
कागद माझ्यासमोर फाड.
बरोबर आहे त्यांचं, रोगराईचे दिवस.
शिंगाच्या मुठीचा वस्तरा एकटे अप्पा मागतात.

पहिला दगड हिरवट. टिचकी मारली
तर काशाच्या वाटीसारखा वाजला.
दुसरा पिवळा, हरभऱ्याच्या डाळीचा रंग,
इतका देखणा की शादुल म्हणाला, उस्ताद, येच लेव.
तिसरा राखेचा. एक कोपरा उडालेला,
खालच्या अंगाला खाणीचं खरबरीत कातडं,
त्यावर अर्धा पुसलेला शिक्का, काय लिहिलंय देव जाणे.

शादुलला जारचं पाणी आणायला लावलं.
आमच्या उदगिरात बोअरचं पाणी
तांब्याला आतून पांढरं कवच धरतं.
त्यातला एक कण धारेखाली आला
की अर्ध्या दिवसाची मेहनत गेली.

तिघांवर एकेक थेंब सोडला.
हिरव्यावर तो मोत्यासारखा उभाच राहिला.
पिवळ्यावर पसरला, आणि पाण्याखाली
एक काळी रेघ दिसली, केसाएवढी.
राखेच्यानं थेंब हळूहळू आत घेतला,
म्हातारी माणसं चहा घेतात तसा.

मग वस्तरा.
पिवळ्यावर तिसऱ्याच हाताला रेघेनं टिक् केलं.
कानाला नाही, अंगठ्याला कळलं.
ठेवून दिला.
हिरव्यानं वीस हातांत अशी धार काढली
की मनगटावरचा केस वाऱ्यालाच तुटला म्हणा.
अप्पा खूश. "हाच घे. तो म्हातारा म्हणला होता,
सगळ्यात भारी हाच."
पण मनगटाची ती जागा
नंतर बराच वेळ चुणचुणत राहिली.

राखेच्यानं वेळ घेतला.
पाण्यात त्याचं दूध सुटलं, करडं, घट्ट,
आवाज जवळजवळ नाहीच.
साठ हात झाले, ऐंशी झाले.
"काय बघूलालास एवढं?" अप्पा म्हणाले.

मी त्यांचा गाल बघत होतो.
हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे,
कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी.
दोन महिने झाले, दर खेपेला हनुवटीखाली रक्त येतं,
तुरटीनं थांबत नाही, कापूस चिकटून बसतो.
नवं ब्लेड लावून बघितलं, तरी तेच.
ते काहीच म्हणत नाहीत.
उलट दहा रुपये जास्त ठेवून जातात.

"हा घेतो," मी म्हणालो.
"फुटका?"
"हां. बसा खुर्चीत."

चामोटीवर वस्तरा सावकाश फिरवला,
साबण दोनदा लावला,
कानशिलापासून खाली येताना
मीच श्वास धरला होता बहुतेक.
हनुवटीखाली फेस पांढरा होता,
पांढराच राहिला.

अप्पांनी आरशात बघितलं नाही.
एका गालावरून तळहात फिरवला,
मग दुसऱ्या,
मग परत पहिल्या.
उरलेले दोन दगड पिशवीत घालत म्हणाले,
"शोकेसमध्ये हिरवा बरा दिसल."